दरवर्षी नवा संघ, बेचाळीस वर्षे एकच प्रशिक्षक

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल समजून घेऊ लागणारा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो ‘संघ’ या शब्दापाशी. संघ म्हटले की वर्षानुवर्षे एकत्र खेळणारी, एकमेकांच्या सवयी ठाऊक असलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. विद्यापीठाच्या संघाचे तसे नसते. तिथला खेळाडू नियमाने विद्यार्थी असतो आणि त्याला साधारणपणे चारच हंगाम खेळता येतात. जो फार गुणवान असतो तो तर एकच हंगाम खेळून व्यावसायिक बास्केटबॉलकडे निघून जातो. त्यामुळे हंगामाच्या आरंभी प्रशिक्षकासमोर जी मुले उभी राहतात, त्यांतली कित्येक एकमेकांना नीट ओळखतही नसतात. दहावीचा वर्ग शिकवणाऱ्या मास्तरांसारखीच प्रशिक्षकाची अवस्था असते: वर्गखोली तीच, फळा तोच, परीक्षाही तीच, पण बाकांवरची मुले दर जूनला वेगळी. ही परीक्षा मात्र भरलेल्या प्रेक्षागृहात, देशभर चालणाऱ्या थेट प्रक्षेपणात द्यावी लागते.

म्हणूनच या खेळात विद्यापीठाची ओळख खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकाच्या नावाशी अधिक घट्ट जोडलेली असते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम येथील ड्यूक विद्यापीठ आणि माइक शशेफ्स्की ही त्यातली सर्वांत ठळक जोडी. शशेफ्स्की १९८० साली तिथे आले आणि २०२२ साली निवृत्त झाले. त्यांचा शेवटचा, म्हणजे २०२१-२२ चा हंगाम या सगळ्या व्यवस्थेचा उलगडा करायला फार उपयोगी आहे, कारण या व्यवस्थेतले जवळजवळ प्रत्येक कोडे त्या पाच महिन्यांत समोर आले.

आधी त्यांच्याविषयी थोडे. शशेफ्स्की यांचा जन्म १९४७ साली शिकागोमधील एका पोलिश वंशाच्या कामगार कुटुंबात झाला. वडील लिफ्टमन होते आणि आई रात्री एका क्लबमध्ये फरशा पुसण्याचे काम करी. हे आडनाव उच्चारताना अमेरिकी माणसाचीही जीभ अडखळते, त्यामुळे सारा देश त्यांना इंग्रजीतल्या आडनावाच्या ‘के’ (K) या पहिल्या अक्षरावरून ‘कोच के’ म्हणूनच ओळखतो. पुढे ते वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत दाखल झाले, तिथे बॉब नाइट या कडक शिस्तीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळले, १९६९ साली पदवी घेऊन लष्करात अधिकारी म्हणून राहिले आणि १९७५ पासून पाच वर्षे त्याच अकादमीच्या संघाचे प्रशिक्षक होते. तिथल्या शेवटच्या हंगामात त्यांच्या संघाने ९ सामने जिंकले आणि १७ गमावले. अशा माणसाला ड्यूकने वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षक केले, याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले होते.

पहिली तीन वर्षे त्या आश्चर्याला दुजोरा देणारीच ठरली. दुसऱ्या वर्षी १७ पराभव, तिसऱ्या वर्षी पुन्हा १७ पराभव, आणि त्या तिसऱ्या हंगामाचा शेवट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून १०९-६६ असा, म्हणजे तब्बल ४३ गुणांनी झालेल्या हारीने. माजी विद्यार्थी आणि देणगीदार त्यांना काढून टाका म्हणून मागे लागले होते. विद्यापीठाचे क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी मात्र त्यांना हटवले नाही, उलट पुढच्याच हंगामात त्यांचा करार वाढवून दिला. तेव्हा ज्या धीराने हा निर्णय घेतला गेला तो धीर मला या संपूर्ण कहाणीतला सर्वांत मौल्यवान भाग वाटतो, कारण सध्याच्या काळात तीन वर्षांत निकाल न देणाऱ्या प्रशिक्षकाला चौथे वर्ष क्वचितच मिळते. १९८६ साली हाच संघ ३७ सामने जिंकून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

आता हंगाम म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करते. तिच्या सर्वोच्च श्रेणीत २०२१-२२ साली पुरुषांचे ३५८ संघ होते. इतक्या संघांनी एकमेकांशी खेळणे अशक्य, म्हणून हे संघ तेव्हा ३२ गटांत विभागलेले होते. या गटाला तिथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ड्यूक ज्या गटात आहे तो अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी. त्यात त्या वर्षी १५ विद्यापीठे होती. हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. पहिले दीड-दोन महिने मुख्यतः गटाबाहेरच्या संघांशी सामने होतात, मग जानेवारी आणि फेब्रुवारीत गटातल्या संघांशी. ड्यूकच्या वाट्याला त्या वर्षी असे एकूण ३१ सामने आले, त्यांतले २० गटातले. मार्चच्या आरंभी प्रत्येक गटाची स्वतंत्र बाद पद्धतीची स्पर्धा होते, आणि ती संपली की ज्या स्पर्धेसाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो ती राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते.

राष्ट्रीय स्पर्धेत त्या वर्षी ६८ संघांना प्रवेश मिळाला. ३२ गटांच्या विजेत्यांना तो आपोआप मिळाला आणि उरलेल्या ३६ जागा एका निवड समितीने भरल्या. निवड समिती केवळ किती सामने जिंकले हे पाहत नाही, तर कोणाशी जिंकले, कुठे जिंकले आणि कोणाकडून हरले हेही पाहते. दुबळ्या संघाला घरच्या मैदानावर हरवण्यापेक्षा बलाढ्य संघाला त्याच्या अंगणात हरवणे कितीतरी मोलाचे. म्हणूनच मोठी विद्यापीठे नोव्हेंबरमध्येच तोलामोलाचे प्रतिस्पर्धी शोधतात. मार्चमधल्या एका रविवारी समिती सर्व संघांची नावे जाहीर करते. त्या वर्षी त्यातले आठ संघ सुरुवातीच्या चार सामन्यांतून निम्मे झाले; मग ६४ संघ चार विभागांत, प्रत्येकी सोळा, असे मांडले जातात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकने दिली जातात. पहिल्या मानांकनाचा सामना सोळाव्याशी, दुसऱ्याचा पंधराव्याशी, या क्रमाने. हरला तो घरी गेला. विजेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात, आणि पाच महिन्यांची सारी पुण्याई चाळीस मिनिटांच्या एका वाईट संध्याकाळी वाहून जाऊ शकते.

या पद्धतीत न्याय थोडा कमी आणि नाट्य फार जास्त आहे. सात सामन्यांची मालिका खेळवली तर बहुधा सरस संघच जिंकतो. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत तसेच होते. एकाच सामन्यावर निकाल ठेवला की एखाद्या लहानशा विद्यापीठातला, कुणाला नावही ठाऊक नसलेला मुलगा वीस मिनिटे तापला तरी देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ गारद होतो. देश नेमका यासाठीच मार्च महिन्यात कामधाम सोडून टीव्हीसमोर बसतो. या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी २०१० साली झालेला करार १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरचा होता, यावरून त्या वेडाची किंमत कळावी. आणि एवढ्या पैशाच्या केंद्रस्थानी जी मुले खेळत होती, त्यांना शिष्यवृत्ती आणि राहण्या-जेवण्याच्या खर्चापलीकडे फारसे काही मिळत नव्हते. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छायाचित्रावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. शशेफ्स्की यांचा शेवटचा हंगाम हा त्या नव्या व्यवस्थेचा पहिला हंगाम होता.

एकाच खुर्चीत ४२ वर्षे बसलेल्या माणसाखालची जमीन किती वेळा सरकली, ते इथे सांगायला हवे. ते ड्यूकला आले तेव्हा महाविद्यालयीन खेळात तीन गुणांची रेषा (जिच्या पलीकडून केलेल्या बास्केटला दोनाऐवजी तीन गुण मिळतात) नव्हती आणि ठरावीक वेळात चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे असा नियमही नव्हता. त्यामुळे आघाडी घेतलेला संघ चेंडू हातात खेळवत निवांत वेळ काढू शकत असे. फेब्रुवारी १९७९ मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सामन्यात मध्यंतराला गुणफलक ७-० दाखवत होता, असेही घडलेले आहे. १९८५-८६ पासून चेंडू टाकण्यासाठी ४५ सेकंदांची मर्यादा आली, ती पुढे कमी होत ३० सेकंदांवर आली. १९८६-८७ पासून तीन गुणांची रेषा आली. प्रत्येक बदलाबरोबर खेळाची गती बदलली आणि कोणत्या प्रकारचा खेळाडू उपयोगाचा, हेही बदलले.

पण सर्वांत मोठा बदल मैदानावरचा नव्हता. १९९१ आणि १९९२ साली ड्यूकने लागोपाठ विजेतेपद मिळवले, तेव्हा संघाचा कणा असलेला क्रिस्टियन लेटनर पूर्ण चार वर्षे विद्यापीठात राहिलेला होता. मार्च १९९२ मध्ये केंटकीविरुद्ध जादा वेळेत २.१ सेकंद उरले असताना आणि ड्यूक एका गुणाने मागे असताना ग्रँट हिलने मैदानाच्या एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू फेकला, लेटनरने पाठमोऱ्या अवस्थेत तो झेलला, एकदा टप्पा दिला, गर्रकन वळला आणि टाकला; १०४-१०३. त्या टप्प्यात जी निर्धास्त शांती आहे, दोन सेकंदांत आपल्याला किती वेळ आहे याचे जे भान आहे, ते चार वर्षांच्या मुरलेल्या सरावातून येते. अशी मुले १९९९ नंतर कमी कमी होत गेली. त्या वर्षी ड्यूकचे तीन खेळाडू पदवी न घेता व्यावसायिक खेळात गेले, आणि तोवर त्या विद्यापीठात असे घडलेले नव्हते.

२००५ साली एनबीएने नियम केला, की खेळाडूचे वय किमान १९ असावे आणि त्याचे माध्यमिक शिक्षण संपून किमान एक वर्ष लोटलेले असावे. यापूर्वी असामान्य मुले शाळेतून थेट व्यावसायिक खेळात जात असत. आता त्यांना एक वर्ष कुठेतरी काढावे लागू लागले, आणि बहुतेकांनी ते विद्यापीठात काढले. यातून ‘एक वर्षाचे पाहुणे’ ही जमात तयार झाली. देशातला सर्वांत चांगला अठरा वर्षांचा खेळाडू तुमच्याकडे येतो, ऑगस्टमध्ये वसतिगृहात सामान लावतो आणि एप्रिलमध्ये ते आवरतो. प्रशिक्षकाला असा खेळाडू हवा असेल तर त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईवडिलांना भेटून, दोन-तीन वर्षे आधीपासून त्याच्या मागावर राहावे लागते, आणि त्याचा लाभ मात्र पाच महिनेच होतो. शशेफ्स्की बराच काळ या मार्गापासून दूर होते. २०१० सालचे त्यांचे चौथे विजेतेपद प्रामुख्याने अनुभवी, शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांनी मिळवून दिलेले होते आणि जॉन शायर हा त्यांतलाच एक. २०१५ सालचे पाचवे विजेतेपद मात्र पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बळावर आले, आणि त्यांतले तिघे लगेच निघून गेले. पाच वर्षांच्या अंतराने, अगदी उलट्या पद्धतीने, त्याच माणसाने तीच स्पर्धा जिंकली. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या थोरवीचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

जून २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केले, की येणारा हंगाम आपला शेवटचा असेल आणि त्यानंतर त्यांचा हाच माजी खेळाडू शायर सूत्रे घेईल. आदल्या वर्षी, करोनाच्या सावलीत, ड्यूकने १३ सामने जिंकले, ११ गमावले आणि १९९५ नंतर पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवली नव्हती. १९९५ चे कारणही आठवण्यासारखे आहे: पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पुरेशी विश्रांती न घेतल्यामुळे शशेफ्स्की यांना हंगाम अर्धवट सोडावा लागला होता, आणि त्यांच्याविना संघ कोसळला होता.

शेवटच्या हंगामाचा संघ असा होता. सिअ‍ॅटलचा पाओलो बँकेरो, ए. जे. ग्रिफिन आणि ट्रेव्हर कील्स हे तिघे पहिल्या वर्षाचे. सुमारे सात फूट उंचीचा मार्क विल्यम्स आणि चेंडू पुढे नेणारा जेरेमी रोच हे दुसऱ्या वर्षाचे. वेंडेल मूर हा तिसऱ्या वर्षाचा आणि कर्णधार. शिवाय मार्केट विद्यापीठातून पदवी घेऊन आलेला थिओ जॉन. अशा प्रकारे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणेही आता पूर्वीपेक्षा खूप सोपे झालेले आहे, त्यामुळे प्रशिक्षकाला बाहेरून येणाऱ्यांचीच नव्हे तर आपल्याकडून जाऊ शकणाऱ्यांचीही काळजी वाहावी लागते. यांतले बहुतेक जण आपापल्या शाळेतले सर्वांत मोठे खेळाडू होते. प्रत्येकाला चेंडू हातात असण्याची सवय होती, आणि चेंडू एकच असतो.

अशा मुलांचा संघ कसा करायचा, हे शशेफ्स्की हाताच्या मुठीवरून सांगत असत. संवाद, विश्वास, सामूहिक जबाबदारी, आपुलकी आणि अभिमान ही पाच बोटे. सुटी असतील तर मोडतात, मिटली तर ठोसा बनतो. ऐकायला हे शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखे वाटेल, पण बास्केटबॉलमध्ये त्याचा अर्थ अगदी नेमका आहे. त्यांचा संघ बहुधा ‘मॅन टू मॅन’ बचाव करी, म्हणजे प्रत्येकाने एकेक प्रतिस्पर्धी धरायचा. प्रतिस्पर्धी मात्र एकमेकांच्या आडून पळत बचावपटूला अडवतात, आणि मग क्षणार्धात दोघा बचावपटूंनी आपापली माणसे बदलायची की नाही हे ठरवावे लागते. मागच्याला जे दिसते ते पुढच्याला दिसत नाही. मागच्याने ओरडून सांगितले नाही तर प्रतिस्पर्धी मोकळा सुटतो आणि तीन गुण जातात. म्हणून ‘संवाद’ म्हणजे मैदानावर सतत, घसा बसेपर्यंत बोलत राहणे. आणि ‘विश्वास’ म्हणजे पाठीमागून आलेल्या हाकेवर मागे वळून न पाहता पाऊल टाकणे. एकमेकांना चार महिन्यांपूर्वी भेटलेल्या मुलांना हे शिकवायचे, आणि नियमानुसार हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक सराव घेता येत नाही.

दुसरी शिकवण ‘पुढचा डाव’ या दोन शब्दांची. चूक झाली किंवा अप्रतिम बास्केट झाले, तरी त्यात गुंतून राहायचे नाही, कारण प्रतिस्पर्धी तोवर दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असतो. 

हंगामाची सुरुवात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केंटकीवर ७९-७१ अशा विजयाने झाली. नोव्हेंबरअखेर लास वेगासमध्ये गोंझागा या बलाढ्य संघाला ८४-८१ असे हरवले आणि चारच दिवसांनी ओहायो स्टेटकडून हार पत्करली. तरुण संघाची हीच ओळख: वरची पट्टी फार उंच, पण ती रोज गाठता येत नाही. गटातल्या सामन्यांत मायामीकडून दोन गुणांनी, फ्लोरिडा स्टेटकडून जादा वेळेत एका गुणाने आणि व्हर्जिनियाकडून एका गुणाने असे तीन पराभव झाले. अटीतटीच्या सामन्यातले शेवटचे दोन मिनिट कसे खेळायचे, हे या मुलांना अजून उमगलेले नव्हते. तरीही २० पैकी १६ सामने जिंकून ड्यूक गटात अव्वल ठरले.

इथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविषयी सांगणे भाग आहे. ते चॅपल हिल या गावी आहे आणि ड्यूकपासून जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरवर. एकाचा रंग गडद निळा, दुसऱ्याचा आकाशी. या दोन गावांच्या आणि रॅले शहराच्या परिसरात संगणक आणि औषधनिर्माण क्षेत्रांमुळे बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत; तिथे वाढणाऱ्या मुलांना आपण कोणत्या निळ्याचे, हा प्रश्न शाळेत केव्हातरी गाठतोच. दोन्ही संघ एकाच गटात असल्याने दरवर्षी किमान दोनदा भेटतात. फेब्रुवारीत ड्यूकने चॅपल हिलला जाऊन ८७-६७ असा मोठा विजय मिळवला आणि ग्रिफिनने त्यात २७ गुण केले.

परतीचा सामना ५ मार्च रोजी ड्यूकच्या कॅमेरन इनडोअर स्टेडियममध्ये होता. १९४० साली उघडलेले हे दगडी सभागृह आजच्या मानाने अगदी लहान आहे. जेमतेम ९,३१४ प्रेक्षक मावतात. विद्यार्थ्यांच्या जागा मैदानाला अगदी लागून असतात आणि त्यांना तिकीट पडत नाही, पण रांग लावावी लागते. त्यासाठी १९८६ पासून विद्यार्थी सभागृहाबाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. या तंबूंच्या वस्तीला प्रशिक्षकांच्याच नावाने ‘शशेफ्स्कीव्हिल’ म्हणतात. एका तंबूत बारा जणांची टोळी, आळीपाळीने पहारा, ऐन जानेवारीच्या थंडीत स्लीपिंग बॅगमध्ये पाठ्यपुस्तके, आणि मध्यरात्री कधीही भोंगा वाजवून होणारी हजेरी. ठरलेली माणसे तंबूत नसली आणि असे पुन्हा घडले, तर तंबू रांगेच्या शेवटी जातो. आठवडेच्या आठवडे अशी तपश्चर्या केलेली मुले त्या दिवशी सभागृहात उभी होती आणि शशेफ्स्की यांचे नव्वदहून अधिक माजी खेळाडू मैदानावर जमले होते.

ड्यूक हरले, ९४-८१. नॉर्थ कॅरोलायनाच्या चार खेळाडूंनी प्रत्येकी २० किंवा त्याहून अधिक गुण केले. सामन्यानंतरच्या निरोप समारंभात शशेफ्स्की यांनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन प्रेक्षकांची माफी मागितली. आजचा खेळ स्वीकारण्याजोगा नव्हता आणि हंगाम अजून संपलेला नाही, असे ते म्हणाले. मला वाटते, त्या दिवशी मुलांवर जे ओझे होते ते कोणत्याही एकोणीस वर्षांच्या मुलाला पेलवले नसते. आपल्या आधीच्या चार दशकांची सगळी मुले समोर उभी आहेत आणि त्यांच्या देखत आपण गुरूला निरोप द्यायचा आहे, हे मनात असताना चेंडूवर लक्ष राहणे कठीण. आठवड्याभरात गटाच्या अंतिम सामन्यातही व्हर्जिनिया टेकने त्यांना ८२-६७ असे हरवले.

राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला पश्चिम विभागात दुसरे मानांकन मिळाले, आणि इथून या संघाचा कायापालट झाला. दुसऱ्या सामन्यात मिशिगन स्टेटविरुद्ध पाच मिनिटे उरली असताना ते पाच गुणांनी मागे होते. उरलेल्या वेळात त्यांनी २० गुण केले आणि प्रतिस्पर्ध्याला ६ वर रोखले. फेब्रुवारीत अशाच वेळी हीच मुले गडबडत होती. त्यापुढचा टेक्सस टेकविरुद्धचा सामना मला या हंगामाचा खरा मध्यबिंदू वाटतो. टेक्सस टेकचे आक्रमण थोपवण्यासाठी शशेफ्स्की यांनी ‘झोन’ बचाव लावला होता, ज्यात माणसाऐवजी प्रत्येकाने मैदानाचा एकेक तुकडा राखायचा असतो. शेवटच्या टप्प्यात मुलांनीच त्यांना सांगितले, की आम्हाला माणूस धरून खेळू द्या. पंचाहत्तर वर्षांच्या, हजारावर सामने जिंकलेल्या प्रशिक्षकाने ते ऐकले. मुलांनी ड्यूकच्या जुन्या प्रथेप्रमाणे वाकून दोन्ही तळव्यांनी जमिनीवर थाप मारली आणि बचावाला उभी राहिली. दुसऱ्या टोकाला त्यांचे शेवटचे आठच्या आठ फटके बास्केटमध्ये गेले. निकाल ७८-७३. प्रशिक्षकाने वर्षभर जे शिकवले ते मुलांनी त्यालाच परत सांगावे, याहून अधिक त्या मुठीचे काय करायचे असते?

पुढे आर्कन्सॉवर ७८-६९ असा विजय मिळवून ड्यूक अखेरच्या चार संघांत पोहोचले. शशेफ्स्की यांची ही तेरावी वेळ. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलायना. इतक्या वर्षांच्या वैरात हे दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेत पूर्वी एकदाही भेटले नव्हते.

२ एप्रिल २०२२ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सत्तर हजारांहून अधिक लोकांसमोर हा सामना झाला. आघाडी अठरा वेळा इकडून तिकडे गेली. सव्वा मिनिट उरले असताना मूरच्या तीन गुणांनी ड्यूक ७४-७३ असे पुढे गेले, लगेच दोन फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे फटके) टाकून नॉर्थ कॅरोलायनाने ७५-७४ केले. ४६.७ सेकंद उरले असताना मार्क विल्यम्सला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो हा या खेळातला एकमेव क्षण, जेव्हा कोणी अडवत नाही, घाई नसते, अंतर ठरलेले असते. आणि म्हणूनच तो फार एकाकी क्षण असतो. विल्यम्स हंगामभर चारांपैकी जवळजवळ तीन टाकत आला होता. दोन्ही चुकले. पुढच्या चढाईत केलेब लव्हने २५ सेकंद बाकी असताना तीन गुणांचा फटका मारला, ७८-७४. सामना ८१-७७ असा संपला, आणि शशेफ्स्की यांची कारकीर्दही. दोन दिवसांनी नॉर्थ कॅरोलायना अंतिम सामन्यात कॅन्ससकडून हरले.

एकूण हिशोब १,२०२ विजयांचा; त्यांतले १,१२९ ड्यूकमधले आणि ७३ वेस्ट पॉइंटचे. पाच विजेतेपदे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाबरोबर २००८, २०१२ व २०१६ अशी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके. शेवटच्या हंगामात ३२ विजय आणि ७ पराभव, त्यातले दोन एकाच शेजाऱ्याकडून.

जून महिन्यात एनबीएची खेळाडू निवड झाली. बँकेरोला पहिल्याच क्रमांकावर ऑर्लँडोने घेतले. विल्यम्स पंधरावा, ग्रिफिन सोळावा, मूर सव्विसावा आणि कील्स बेचाळिसावा. न्यू ऑर्लिन्समध्ये खेळलेल्या प्रमुख मुलांपैकी पुढच्या हंगामात एकच परतला, जेरेमी रोच. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅमेरनच्या त्याच फरशीवर नवे प्रशिक्षक शायर बाजूला उभे होते, मैदानात पुन्हा पहिल्या वर्षाची मुले होती, आणि बचाव करताना कुठून अडवायला येत आहेत हे त्यांना मागून ओरडून सांगण्याचे काम आता रोचकडे आले होते.